पन्नाशीची पद्मिनी घ्यावी का? आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

साताऱ्याहून एका वाचकाने विचारलं आहे. त्यांच्या परिचयातल्या घरी १९७६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ मालक काही वर्षांपूर्वी वारले, आता त्यांचा मुलगा ती विकतोय. पावणेतीन लाख सांगतोय. इंजिन नुकतंच बांधलंय, रंग नवा कोरा आहे. नोंदणीची मुदत मात्र संपलेली आहे आणि नूतनीकरण झालेलं नाही. मुलाचं म्हणणं, 'लगेच घ्यायची नसेल तर वर्षभर महिन्याच्या भाड्याने वापरा, पटली तर मग घ्या.' प्रश्न तीन आहेत: किंमत योग्य आहे का, भाड्याचा पर्याय बरा का, आणि पन्नास वर्षं पूर्ण होतायत तर गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवावी का.

पुण्यात माझं गॅरेज आहे आणि त्यात बहुतेक काम जुन्या फियाट आणि पद्मिनीचंच असतं. त्या अनुभवावरून सांगतो. तुम्ही विचारलेले तिन्ही प्रश्न नंतरचे आहेत. आधीचा प्रश्न असा, की ही गाडी कायद्याने तुमच्या नावावर होऊ शकते का, आणि तिचा सांगाडा धड आहे का. या दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तर किंमत दहा-वीस हजार इकडे-तिकडे झाली तरी पुढे पस्तावा होत नाही. एकाचं जरी 'नाही' असेल तर निम्म्या किमतीतही ती महाग आहे. जुनी गाडी बघायला जाणारा माणूस आधी रंग बघतो, मग इंजिनाचा आवाज ऐकतो, मग सांगाड्याकडे वळतो, आणि कागद अगदी शेवटी मागतो. मी सगळ्यांना याच्या बरोबर उलट क्रमाने जायला सांगतो.

कागदांपासून सुरुवात करू, कारण तुमच्या बाबतीत खरी गुंतागुंत तिथेच आहे. मूळ मालक हयात नाहीत. म्हणजे मुलगा आज तुम्हाला फॉर्म २९ आणि ३० वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज) सही करून गाडी देऊ शकत नाही, कारण आरसीवर त्याचं नाव नाही. काही एजंट 'जुनी सही आहे, चालून जाईल' असं सांगतात. तसलं काही करू नका, ती सरळ सरळ बनावट कागदपत्रं होतात. कायद्यानुसार वारसाने मालकाच्या मृत्यूची खबर तीस दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची असते. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण काम वाढतं. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं लागतात. मुलाला बहिणी असतील तर त्यांच्याही सह्या हव्यात. घरातला माणूस गेल्यावर गाडीवरून भावंडांत वाद झाल्याची प्रकरणं माझ्यापर्यंत आलेली आहेत, आणि त्यात पैसे देऊन बसलेला ग्राहक अधांतरी लटकतो. म्हणून आधी मुलाच्या नावावर, मग तुमच्या नावावर, हा क्रम सोडू नका.

दुसरी अडचण नोंदणीच्या मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी गाडी आरटीओच्या निरीक्षकासमोर न्यावी लागते. ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर, चॅसिस नंबर, सगळं तपासलं जातं. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनंतर वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. मुदत उलटल्यावर खासगी मोटारीला दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. मुदत संपून पाच वर्षं झाली असतील तर एकट्या विलंबाचे ३०,००० रुपये होतात. ही रक्कम कोण भरणार, ते किंमत ठरवतानाच बोलून घ्या.

तिसरी गोष्ट छोटी वाटते, पण कामं तिथेच अडकतात. १९७६ च्या गाडीची आरसी म्हणजे हाताने लिहिलेलं पुस्तक. कित्येक जुन्या गाड्यांची नोंद 'वाहन' या संगणक प्रणालीत चढलेलीच नसते. मोबाइलवर परिवहनच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. काहीच दिसलं नाही तर आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागेल, त्याशिवाय पुढचा एकही अर्ज ऑनलाइन जाणार नाही. मूळ नोंदणी दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागेल. पुस्तकात बँकेच्या कर्जाचा शिक्का असेल आणि तो रद्द झाल्याची नोंद नसेल, तर चाळीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जासाठीही फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मागतात. आता बँकांची विलीनीकरणं झाल्यामुळे ते पत्र मिळवणं हेच मोठं काम होऊन बसतं.

कागद बघतानाच चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. इंजिन 'नुकतंच बांधलंय' असं म्हणतायत, तेव्हा विचारा: तेच इंजिन बांधलं, की दुसऱ्या गाडीचं आणून बसवलं? या गाड्यांना इंजिन बदलणं अगदी सर्रास होतं, आणि नंबर वेगळा असेल व पुस्तकात नोंद नसेल तर निरीक्षक गाडी परत पाठवतो. रंगाचंही तसंच. पुस्तकात जो रंग लिहिलाय तोच गाडीला आहे का ते पाहा. पांढरी गाडी लाल केली असेल तर त्याचीही नोंद करून घ्यावी लागते.

आता पत्रा. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण गाडी घ्यायची की सोडायची हे इथेच ठरतं.

जुन्या विलीज जीपला खाली शिडीसारखी स्वतंत्र चॅसिस असते. बॉडी सडली तर ती उतरवून दुसरी बसवता येते. पद्मिनीचं तसं नाही. १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट डिलाइट, १९७२ ची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी, ही सगळी एकाच इटालियन घराण्यातली पोरं, फियाट ११०० ची. त्यांची बॉडी हाच सांगाडा. तळाचा पत्रा, दरवाजाखालच्या दोन्ही बाजूंच्या पेटीसारख्या पट्ट्या आणि मधले खांब मिळून गाडीचं वजन पेलतात. त्यामुळे दरवाजाखालची पट्टी सडली म्हणजे गाडीचा कणाच खचला. वरून लांबी (पुटी) भरून, घासून, रंग मारला की ते महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणूनच नवा रंग मला आवडत नाही. विकायच्या आधी मारलेला कोरा रंग दिसला की मी जास्त बारकाईने बघतो. त्यापेक्षा फिकट पडलेल्या, ओरखडे असलेल्या मूळ रंगाच्या गाडीवर माझा अधिक विश्वास बसतो, कारण ती जशी आहे तशी समोर उभी असते.

बघायला जाताना एक लहान लोहचुंबक, टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि चांगला जॅक घेऊन जा. चुंबक रुमालात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा जाणार नाही, आणि तो दरवाजांच्या खालच्या कडेवर, चाकांच्या कमानींवर, हेडलाइटभोवती आणि डिकीच्या काठावर फिरवा. जिथे तो निसटून पडतो तिथे खाली लांबी आहे. एखाद्या ठिकाणी असेल तर चालतं, पन्नास वर्षांत ठोकर कुणाला लागत नाही? पण दरवाजाखालच्या पट्टीवर सलग हातभर चुंबक धरतच नसेल तर तिथे पत्राच शिल्लक नाही असं समजा. मग आतले मॅट उचला. ड्रायव्हरच्या पायाखाली, मागच्या सीटखाली आणि डिकीत स्टेपनीखाली टॉर्च मारा. बॅटरीच्या ट्रेखालीही बघा, ॲसिड सांडून तिथला पत्रा हमखास खाल्लेला असतो. खालून, मागचे पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) जिथे बॉडीला अडकवलेले असतात ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. मालकाची परवानगी घेऊन टोचा, पण टोचाच. तिथला पत्रा खुसखुशीत लागला तर पुढचं काही बघायची गरज नाही.

त्यानंतरची परीक्षा मी प्रत्येक गाडीची घेतो. गाडी सपाट जागेवर उभी करून चारही दरवाजे उघडून मिटून बघा. आता एका बाजूला, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमध, मजबूत जागी जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला. कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका. चाकं जमिनीवरून सुटायला आली की तोच दरवाजा पुन्हा उघडा. सांगाडा धड असेल तर दरवाजा आधीसारखाच उघडतो आणि मिटतो, फटीही तेवढ्याच राहतात. सांगाडा खचलेला असेल तर फटी बदलतात, दरवाजा अडकतो किंवा कुलपाची जीभ खाचेत बसत नाही. ज्या बाजूला हे झालं त्या बाजूची पट्टी आतून गेलेली आहे. आणि जॅक लावलेल्या जागेचाच पत्रा आत दबायला लागला, तर उत्तर तिथेच मिळालं.

हे काम दुरुस्त होत नाही का? होतं. मी करतो, माझ्यासारखे इतरही करतात. पण त्यात सीट, काचा, वायरिंग सगळं उतरवून, बॉडीला आतून आधार देऊन, तुकडे कापून नवा पत्रा जोडावा लागतो. चांगला टिनवर्कवाला कारागीर मिळणं हल्ली कठीण झालंय, आणि तो घाईत काम करत नाही. मजुरी गाडीच्या किमतीच्या पुढे सहज जाते. ज्यांच्या आजोबांची गाडी आहे त्यांनी हा खर्च जरूर करावा, तिथे पैशाचा हिशोब लागू होत नाही. परक्याची गाडी घेताना मात्र असा सांगाडा विकत घेऊ नये.

तुमची एक गोष्ट जमेची आहे. गाडी खरोखर जन्मभर साताऱ्यात राहिली असेल तर कोरड्या हवेमुळे पत्रा बरा असण्याची शक्यता मोठी. मुंबई, अलिबाग, रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत वाढलेल्या गाडीशी तिची तुलनाच होऊ शकत नाही. पण नोंदणी साताऱ्याची आहे म्हणजे गाडी तिथेच राहिली असं नाही. जुन्या विमा पावत्या आणि सर्व्हिसची बिलं घरात असतील तर मागून घ्या, त्यावर गावाचं नाव सापडतं.

आणखी एक शंका फेडून घ्या. मुंबईत काळी-पिवळी म्हणून धावलेल्या पद्मिनी मोठ्या संख्येने होत्या. त्यातली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सीतून निघालेल्या गाड्यांचे दरवाजे, बॉनेट, डिक्या, कधी कधी आख्ख्या बॉड्या खासगी गाड्यांना लागलेल्या आहेत. छताच्या अस्तराचं एक टोक काढून टॉर्चने बघा, छताच्या आतल्या बाजूला पिवळा रंग दिसतो का. दरवाजाच्या चौकटीच्या आतल्या कडेला काळा रंग, डिकीत सीएनजी टाकीसाठी पाडलेली भोकं, या टॅक्सीच्या खुणा. १९७६ च्या पुस्तकावर नंतरच्या टॅक्सीची बॉडी चढवलेली असेल तर तिच्यापासून दूर राहा.

इंजिनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे घाबरण्यासारखं काही नाही. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन आहे. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, कार्बोरेटरचे किट अजून मिळतात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला फिरलात तर बहुतेक माल हाती लागतो. तुम्ही पोचायच्या आधी इंजिन तापवून ठेवलेलं नसावं एवढं मात्र बघा, गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. थंड इंजिन चालू होताना जे बोलतं ते खरं. इंजिनावरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं, गाडी एकदा जरी उकळली तरी ते वाकतं. म्हणून ऑइलचं झाकण उघडून आत पांढरट चिकट थर आहे का बघा, आणि गाडी थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढून, मग चालू करून पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहा. कॉम्प्रेशन तपासणारा मेकॅनिक सोबत असेल तर उत्तम. हँडलवरचा गिअर चारही घरांत न अडखळता पडला पाहिजे. दांड्यांचे बुश झिजले की तो भटकतो, पण ती दुरुस्ती किरकोळ आहे. पुढची चाकं ज्यावर वळतात ते किंगपिन मात्र चाक उचलून, वर-खाली हलवून बघा.

इंजिनापेक्षा मला जास्त काळजी सुट्या वस्तूंची असते. मूळ ग्रिल, बंपर, मागच्या दिव्यांच्या काचा, दरवाजांच्या मुठी, डॅशबोर्डवरचे मीटर, काचांभोवतीच्या क्रोमच्या पट्ट्या. इंजिन बांधता येतं, पण १९७६ ची धड ग्रिल शोधायला वर्ष जातं आणि मिळेल त्या भावाने घ्यावी लागते. म्हणून 'चालू पण अर्धवट' आणि 'बंद पण पूर्ण' अशा दोन गाड्या समोर असतील तर मी दुसरी घेईन.

आता भाड्याचा पर्याय. कल्पना आकर्षक आहे, मी मात्र नको म्हणेन. आज या गाडीची नोंदणी संपलेली आहे, आरसीवरचा मालक हयात नाही, म्हणजे तिचा वैध विमा असण्याची शक्यताही फार कमी. अशी गाडी रस्त्यावर नेणं हाच गुन्हा आहे. त्यात अपघात झाला तर? नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. मालक हयात नसताना ही जबाबदारी वारसांवर आणि गाडी चालवणाऱ्या तुमच्यावर कशी येऊन पडेल, हे शोधायला वकील लागेल. शिवाय पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, लग्नासाठी किंवा शूटिंगसाठी तुम्ही पुढे ती भाड्याने द्यायचं मनात धरलं असेल तर तेही यात आलं. वर्षभर बघायचंच असेल तर त्याऐवजी असं करा: मुलाला सांगा, आधी गाडी तुझ्या नावावर करून नूतनीकरण आणि विमा करून घे, मी लेखी करारावर टोकन देतो. त्यात सहा महिने सहज जातील. तेवढ्यात तुमच्याकडे झाकलेली पार्किंगची जागा, जवळपास कार्बोरेटर आणि ठिणगीचे प्लॅटिनम पॉइंट समजणारा मेकॅनिक आणि घरच्यांची तयारी आहे का, याचाही अंदाज येईल.

व्हिंटेज नोंदणीबद्दल लोकांचे बरेच गैरसमज आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्राने यासाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, व्यापारी वापरात नसलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिन मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००, आणि पहिली मुदत दहा वर्षांची. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. हे सगळं छान आहे, पण अट अशी, की ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशा ठरावीक कामांसाठीच ती बाहेर निघू शकते.

तेव्हा हे तुमच्या इच्छेवर अवलंबून आहे. दर रविवारी कुटुंबाला घेऊन कासला, वाईला जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवा, दर पाच वर्षांचा खर्च सोसा. गाडी झाकून ठेवायची आणि वर्षातून एक-दोन रॅलींनाच न्यायची असेल तर व्हिंटेज नोंदणी सोयीची. तुमच्या पत्रात 'मुलांना या गाडीतून फिरवायचं आहे' असं वाक्य आहे, त्यावरून मी पहिला मार्ग सुचवेन. दिल्लीसारखी पंधरा वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आपल्याकडे नाही, त्यामुळे महाराष्ट्रात राहून गाडी नेटाने चालवता येते.

गाडी घेतलीच तर पहिल्याच दिवशी घाट चढू नका. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवून चिरतं आणि उभ्या गाडीच्या टाकीत ओल धरून गंज आणतं. टाकी उतरवून धुवून घ्या, आणि गाडी फार दिवस उभी ठेवणार असाल तर टाकीत शिळं पेट्रोल ठेवू नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, ते उघडून व्हील सिलिंडरचे रबर नवीन घाला. टायरची नक्षी चांगली दिसली तरी बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. दहा वर्षांपूर्वीचे टायर असतील तर बदलाच.

किमतीचं बोलायचं तर, सांगाडा जॅकच्या परीक्षेत पास झाला, वस्तू पूर्ण असल्या, नंबर जुळले आणि विलंब शुल्कासकट सगळे कागद मुलाने करून दिले, तर पावणेतीन लाख मला जास्त वाटत नाहीत. खरेदीच्या रकमेच्या निम्मे पैसे पहिल्या वर्षाच्या कामासाठी वेगळे ठेवा. कागद तुम्हालाच करायचे असतील तर आरटीओच्या खर्चाची यादी काढून ती किमतीतून वजा करायला सांगा. मोठी रक्कम आरसीवर मुलाचं नाव चढल्यावरच द्या, आणि तीही बँकेतून. पाहणीला जाल तेव्हा जमल्यास दरवाजाखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ आणि मागच्या पाट्यांच्या जागेचे फोटो काढा आणि मला पाठवा. ते बघून मी पत्र्याबद्दल नेमकं सांगू शकेन.